जुनी विंचेस्टर ९४, .३२ स्पेशल आणि घरी भरलेली काडतुसे : हरणाच्या शिकारीसाठी कितपत योग्य?

दंडोबा (मूळ लेख)

नमस्कार. मी उत्तर पेनसिल्वेनियात, ॲलेघेनी पठाराच्या डोंगराळ भागात राहतो. येथील जंगलात हेमलॉक आणि बीचची दाटी असल्यामुळे हरीण दिसले तर ते बहुधा साठ-सत्तर यार्डांच्या आतच दिसते. एवढी वर्षे मी दुर्बीण लावलेली बोल्ट-ॲक्शन (बोल्ट म्हणजे खिट्टी हाताने मागे-पुढे करून काडतूस चढवण्याची) रायफल वापरत आलो. या वर्षी एका निवृत्त शेजाऱ्यांनी त्यांची विंचेस्टर मॉडेल ९४ कार्बाइन परवानाधारक दुकानामार्फत मला विकली. ती १९६४ पूर्वीची असून नळी २० इंची आहे आणि काडतूस .३२ विंचेस्टर स्पेशल आहे. नळीच्या आतील खाचा स्वच्छ आहेत, लीव्हर (चापाभोवतीचा खाली ओढायचा दांडा, ज्याने पुढचे काडतूस चढते) लोण्यासारखी चालते, आणि दस्त्यावर हात घासून आलेली चकाकी कोणत्याही वॉर्निशने येणार नाही.

अडचण काडतुसांची आहे. दुकानात .३०-३० या भावंड काडतुसाच्या पेट्यांची रांग असते, परंतु .३२ स्पेशल मोसमाच्या तोंडावर क्वचितच दिसते आणि दिसली तरी महाग असते. त्यामुळे स्वतः काडतुसे भरावीत असा विचार आहे. बोल्ट-ॲक्शनसाठी मी .३०-०६ ची काडतुसे भरतो, त्यामुळे प्रेस, तराजू आणि पुस्तके घरी आहेत. ट्यूब मॅगझिनच्या लीव्हर रायफलसाठी काय वेगळे करावे लागते, वेग वाढवण्याचा प्रयत्न करावा का, आणि उघड्या साइटने (दुर्बिणीशिवाय, नळीवरच्या खाच आणि मण्याने नेम धरून) किती अंतरापर्यंत गोळी झाडणे प्रामाणिकपणाचे ठरेल, याविषयी अनुभवी सभासदांचे मत हवे आहे. माझे स्वतःचे मत असे की चालू स्थितीतील रायफल भिंतीवर टांगून ठेवणे हा तिचा अपमान आहे.

मोंटानाकर

अभिनंदन. पहिली गोष्ट : .३०-०६ च्या सवयी बाजूला ठेवा. ट्यूब मॅगझिनमध्ये, म्हणजे नळीखालच्या दुसऱ्या नळीत, काडतुसे एकामागे एक ओळीने असतात आणि प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (तळावरच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) टेकलेले असते. म्हणून गोळी सपाट नाकाचीच हवी. टोकदार धातूची गोळी धक्क्याच्या वेळी प्रायमरवर आपटली तर मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. हॉर्नेडीने २००६ च्या सुमारास लवचिक पॉलिमर टोकाच्या गोळ्या आणल्या, त्या मात्र ट्यूबमध्ये चालतात. तुमच्या .३२ साठीही त्या १६५ ग्रेन (गोळी आणि पावडर मोजण्याचे छोटे एकक) वजनात मिळतात.

दुसरी गोष्ट : गोळीचा व्यास. .३०-३० ची गोळी .३०८ इंचाची आणि .३२ स्पेशलची .३२१ इंचाची असते. एकीची गोळी दुसरीत चालत नाही. १७० ग्रेनची सपाट नाकाची गोळी हा तुमच्यासाठी सरळ पर्याय आहे. बाकी सविस्तर रात्री लिहितो.

खोडसाळ

.३०-३० आणि .३२ या दोन्ही काडतुसांत हरणाला फरक कळला आहे असे अद्याप एकाही हरणाने कळवलेले नाही. बंदुकीच्या दुकानातील काउंटरवर मात्र या विषयावर शंभराहून अधिक वर्षे भांडण चालू आहे.

जुनाट

खोडसाळ यांच्या विनोदात तथ्य आहे, परंतु या भांडणामागे थोडा इतिहास आहे. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली ही रायफल १८९४ मध्ये आली, तेव्हा ती .३२-४० आणि .३८-५५ या काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होती. धूरविरहित दारूचा दाब आणि उष्णता सोसणाऱ्या निकेल-स्टीलच्या नळ्या तयार झाल्यावर १८९५ मध्ये .३०-३० आले. त्यानंतर काही वर्षांनी .३२ स्पेशल आले. .३०-३० च्या नळीत आतील खाचांचा दर १२ इंचांत एक पीळ असतो, तर .३२ च्या नळीत दर १६ इंचांत एक. हा सावकाश पीळ ठेवण्यामागे घरी काळ्या दारूने काडतुसे भरणाऱ्यांची सोय होती असे सांगितले जाते, कारण काळ्या दारूची काजळी घट्ट पिळाच्या नळीत लवकर त्रास देते. पुढे लोकांनी असा समज पसरवला की .३२ ची नळी थोडी झिजली की ती एकदम नेम सोडते. माझ्या पाहण्यात ज्या नळ्यांनी नेम सोडला त्या झिजल्या होत्या त्याहून अधिक गंजल्या होत्या, कारण जुन्या प्रायमरमधील क्षारांनी ओलावा धरला आणि मालकांनी त्या धुतल्या नाहीत.

या रायफलीची लोकप्रियता इतकी होती की दहा लाखावी प्रत १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना, पंधरा लाखावी १९४८ मध्ये ट्रुमन यांना आणि वीस लाखावी १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांना भेट दिली गेली. १९६४ मध्ये कंपनीने उत्पादनाचा खर्च कमी करण्यासाठी घडीव भागांऐवजी ठोकून काढलेले पत्र्याचे भाग वापरले, म्हणून '१९६४ पूर्वीची' या शब्दांना बाजारात किंमत आहे. दंडोबा, तुम्हाला एकच विनंती : दुर्बीण बसवण्यासाठी रिसीव्हरला (यंत्रणा असलेल्या मधल्या धातूच्या भागाला) भोके पाडू नका. रायफलीचे मूल्य त्या दिवशी निम्मे होईल.

मोंटानाकर

सांगितल्याप्रमाणे पुढचे लिहितो. या रायफलीत बोल्टला कुलूप लागते ते मागच्या बाजूस; .३०-०६ सारखे चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेच्या) लगेच मागे नव्हे. गोळी सुटताना रिसीव्हर सूक्ष्म प्रमाणात ताणला जातो आणि पुंगळीही (काडतुसाचे पितळी कवच) ताणली जाते. त्यातच काडतूस तळाच्या कडेवर टेकून बसत असल्याने चेंबरचा खांदा (मानेकडे निमुळता होणारा भाग) कारखान्यात सैल ठेवलेला असतो. पहिल्याच वेळी पुंगळीचा खांदा पुढे सरकतो. मग तुम्ही डाय (पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा) पूर्ण खाली बसवून तो खांदा पुन्हा मागे ढकलता, आणि हे काही वेळा झाले की पुंगळीचा तळ आणि भिंत यांच्या सांध्यापाशी धातू पातळ होतो. बाहेरून तेथे एक चमकदार कडे दिसते. तोवर थांबू नये. पेपरक्लिपचे टोक काटकोनात वाकवून, थोडे टोकदार करून पुंगळीच्या आत घालावे आणि तळापासून भिंतीवर वर ओढावे. टोक कोठे अडखळले तर आत खाच पडली आहे. ती पुंगळी पक्कडीने चिरडून फेकून द्यावी, म्हणजे चुकून पुन्हा वापरात येणार नाही.

उपाय असा की डाय थोडी वर ठेवावी आणि खांदा अगदी एक-दोन सहस्रांश इंच मागे जाईल इतकाच दाबावा. पूर्ण न दाबताही चालत नाही, कारण लीव्हरमध्ये बोल्ट-ॲक्शनसारखी काडतूस चेंबरमध्ये रेटून बसवण्याची ताकद नाही. हरीण समोर असताना अर्धवट मिटलेली लीव्हर कोणालाही नको असते. शिवाय ९४ मध्ये लीव्हर दस्त्याला पूर्ण दाबून धरल्याशिवाय चापच हलत नाही.

तिसरी बाब क्रिंपची. मॅगझिनमधील स्प्रिंगचा दाब आणि धक्का या दोन्हींमुळे गोळी पुंगळीत मागे सरकू शकते. तसे झाले की आतली जागा कमी होऊन दाब वाढतो. म्हणून गोळीवरील खाचेत पुंगळीचे तोंड व्यवस्थित वळवलेले हवे. ते सर्वांवर सारखे वळावे यासाठी सर्व पुंगळ्या एकाच लांबीच्या छाटाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण या रायफलीतील निम्मी अचूकता त्यातच आहे.

सॅव्हेजप्रेमी

मोंटानाकर यांचे विवेचन अचूक आहे. या सर्व कटकटीचे मूळ ट्यूब मॅगझिन आहे, हे मात्र कोणी तरी म्हटले पाहिजे. आर्थर सॅव्हेज यांच्या १८९९ च्या रायफलीत (पुढे तिचे नाव मॉडेल ९९) फिरते मॅगझिन आहे, त्यामुळे तीत टोकदार गोळ्या बिनधास्त चालतात. १९१५ मध्ये .२५०-३००० आले ते ८७ ग्रेनची गोळी सेकंदाला ३००० फूट वेगाने फेकत असे, आणि १९२० मध्ये .३०० सॅव्हेज आले. जुन्या प्रतींच्या डाव्या बाजूला एका छोट्या खिडकीत किती काडतुसे उरली तो आकडा दिसतो. लीव्हर-ॲक्शन घेऊन दोनशे यार्डांचा विचार करायचा असेल तर ९९ घ्यावी.

आणि दंडोबा, वेग वाढवावा का, या तुमच्या प्रश्नाबद्दलही मला म्हणायचे आहे. आता लीव्हर रायफलींसाठी खास बनवलेल्या पावडरी मिळतात. त्यांनी दाब मर्यादेत राहूनही वेग वाढतो. मग वाढता वेग का नाकारावा?

मोंटानाकर

सॅव्हेजप्रेमी, ९९ उत्तम रायफल आहे, परंतु तिचेही कुलूप मागेच आहे आणि पुंगळ्या तीही ताणते. .३०० सॅव्हेजची मान इतकी आखूड आहे की गोळी धरण्यासाठी तेथे जागाच नाही, हे तुम्ही सोयीस्करपणे वगळले.

वेगाचे गणित मांडतो. .३०-३० च्या १७० ग्रेन गोळीचा छापील वेग तोंडाशी २२०० फूट प्रतिसेकंद, १०० यार्डांवर सुमारे १९०० आणि २०० यार्डांवर सुमारे १६२०. .३२ ची गोष्ट जवळपास हीच आहे. हे आकडे २४ इंची चाचणी-नळीचे असतात. २० इंची कार्बाइनमध्ये त्याहून कमीच मिळते. १०० यार्डांवर नेम जुळवला तर २०० यार्डांवर गोळी सुमारे ९ इंच खाली येते. तुम्ही धडपड करून वेग १०० फुटांनी वाढवला तर त्या ९ इंचांतून जेमतेम एक इंच वाचतो. सपाट नाकाच्या गोळीला हवेचा अडथळाच इतका होतो की वाढवलेला वेग वाटेतच विरतो. आणि दंडोबा यांना हरीण साठ यार्डांवर दिसते. साठ यार्डांवर तो इंच कोणाच्या उपयोगाचा?

खास पावडरीचा फायदा खरा आहे, हे मी मान्य करतो. परंतु तिची माहिती ज्या काडतुसासाठी आणि ज्या गोळीसाठी प्रसिद्ध झाली आहे त्यासाठीच ती वापरावी. .३०-३० चा आकडा .३२ ला लावू नये.

नवखा_डेट्रॉइट

मी ही सर्व चर्चा आवडीने वाचतो आहे. .३२ साठी कोणती पावडर किती ग्रेन घालावी हा आकडा कृपया कोणी येथेच लिहील का, म्हणजे पुस्तक विकत घ्यावे लागणार नाही?

मोंटानाकर

नाही. पावडरचा आकडा अनोळखी माणसाकडून घेऊ नये, माझ्याकडूनही नाही. लिहिताना एक अंक चुकला तर रायफल तुमच्या गालाजवळ असते. पावडर आणि गोळी बनवणाऱ्या कंपन्यांची अद्ययावत पुस्तके घ्या, त्यातील किमान आकड्यापासून सुरुवात करा, थोडे थोडे वाढवा, आणि पुंगळी चिकटू लागली, लीव्हर जड उघडू लागली की मागे या. या रायफलीत प्रायमर चपटा झाला की नाही यावर विसंबू नका. तो दिसेपर्यंत दाब कधीच वर गेलेला असतो.

जुनाट

नवखा_डेट्रॉइट यांच्यासाठी एक पूरक उदाहरण. .४५-७० या एकाच काडतुसाची माहिती पुस्तकांत तीन वेगळ्या विभागांत छापलेली असते : १८७३ च्या स्प्रिंगफील्ड ट्रॅपडोअरसाठी सर्वांत सौम्य, विंचेस्टर १८८६ आणि मार्लिन १८९५ सारख्या लीव्हर रायफलींसाठी मधली, आणि आधुनिक एकबारी रायफलींसाठी सर्वांत तेज. काडतूस बाहेरून एकच दिसते. तिसऱ्या विभागातील काडतूस ट्रॅपडोअरमध्ये घालणाऱ्याची रायफल फुटू शकते. विंचेस्टर १८७३ आणि १८७६ तर गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्यावर बोल्ट धरतात. त्यांना केवळ सौम्य काडतुसेच द्यावीत. 'लीव्हर-ॲक्शन' ही एक जात नाही.

त्याच .४५-७० मध्ये आणखी एक बारकावा आहे. लवचिक टोकाची गोळी लांब असल्याने कारखाना तिच्यासाठी पुंगळी आखूड ठेवतो. त्या रिकाम्या पुंगळ्या नेहमीच्या लांबीच्या पुंगळ्यांत मिसळल्या तर क्रिंप कोठेही लागतो. वेगळ्या डब्यात ठेवाव्यात.

कोल्हापुरी_रस्सा

मी कोल्हापुरातून वाचतो आहे. आमच्याकडे एके काळी संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळवीट धरण्याचा खेळ होता, आणि आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद आहे, ते योग्यच झाले असे मला वाटते. म्हणून प्रामाणिक प्रश्न विचारतो, राग नसावा. तुमच्याकडे मांस दुकानात मिळते, मग हरीण का मारायचे? आणि मारायचेच तर दुर्बिणीची अचूक रायफल सोडून सत्तर वर्षांची जुनी का?

अनुजा_मिनेसोटा

प्रश्न रास्त आहे, दादा. पहिल्या भागाचे उत्तर माझ्यापुरते देते. आमच्या भागात व्हाइटटेल हरणांची संख्या इतकी आहे की लांडगे आणि हिवाळा मिळूनही ती आवरत नाही. शेते, जंगलातील रोपे आणि रस्त्यावरील अपघात या तिन्ही ठिकाणी ते दिसते. राज्य दर वर्षी परवाने ठरवून देते आणि परवान्याच्या पैशांतून वन्यजीव खात्याचे काम चालते. एका हरणात आमच्या घराचे बरेच महिने निघतात. ते मी स्वतः सोलते, कापते आणि पॅक करते. भारतातील कायदा भारतातील परिस्थितीला योग्य आहे आणि येथील येथील. दोन्हींची तुलना करून एकाला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या भागाबद्दल मी तुमच्या बाजूची आहे. जुन्या रायफलीची हौस माणसाची असते, त्याची किंमत हरणाने द्यायला नको. ज्या अंतरावर थंड नळीतून पहिलीच गोळी, रायफल काठीला टेकवून, जेवणाच्या ताटलीएवढ्या वर्तुळात खात्रीने बसते, ते तुमचे अंतर. बाकावर, वाळूच्या पिशव्यांवर काढलेल्या गटाचा (कागदावर जवळजवळ पडलेल्या गोळ्यांचा) फोटो जंगलात उपयोगी पडत नाही.

शाकाहारी_नेमबाज

मी पुण्यात १० मीटर एअर रायफल नेमबाजी करतो आणि मांसाहार करत नाही, तरी अनुजाताईंच्या शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे. तांत्रिक बाजूने एक सुचवतो. उघड्या साइटमध्ये डोळ्याला मागची खाच, पुढचा मणी आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवर एकाच वेळी लक्ष द्यावे लागते. पस्तिशी-चाळिशीनंतर डोळ्याला ते अधिकच कठीण जाते. आमच्या खेळात मागे छिद्राची साइट असते. डोळा छिद्राचे मध्य आपोआप शोधतो आणि लक्ष केवळ पुढच्या साइटवर ठेवावे लागते. तुमच्या रायफलीला मागे छिद्राची साइट बसत असेल तर काडतूस सुधारण्याआधी ते करावे.

जुनाट

बसते. दस्त्याच्या मानेवर, टँगवर बसणारी उभी साइट या रायफलींसाठी एकोणिसाव्या शतकापासून मिळते, आणि १९६४ पूर्वीच्या बऱ्याच प्रतींना रिसीव्हरच्या बाजूला कारखान्यातूनच स्क्रूची भोके असतात. दंडोबा, आधी ती आहेत का ते पाहा. असतील तर बाजूची छिद्र-साइट लावा. नवी भोके पाडावी लागणार नाहीत आणि माझाही जीव भांड्यात पडेल.

खोडसाळ

रायफल दंडोबांची, पैसे दंडोबांचे, आणि जीव जुनाट यांचा. या धाग्यावर मला नेमके हेच आवडते.

नियमावली

विषयाशी संबंधित म्हणून एक कायदेशीर बाब नोंदवतो, कारण येथे नोकरीच्या व्हिसावर असलेले बरेच वाचक आहेत. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध राज्य शिकार परवाना असणे हा त्यातील एक अपवाद आहे. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट मनाई लागू नाही. घरी भरलेली काडतुसेही काडतुसेच आहेत, हे विसरू नये. राज्यांचे नियम आणखी वेगळे असतात. मित्राच्या रायफलीवर 'जरा हात साफ करण्याआधी' वकिलाशी बोलावे.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी : शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत. तेव्हा येथील माहिती वाचनापुरती ठेवावी.

दंडोबा

नियमावली यांचे आभार. पेनसिल्वेनियातील एक वैशिष्ट्य मीही सांगतो : येथे हरणाच्या शिकारीला अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. त्यामुळे ज्यांना झटपट दुसरी गोळी हवी असे त्यांनी पूर्वापार लीव्हर किंवा पंप रायफलीच वापरल्या, आणि म्हणून आमच्या डोंगरात प्रत्येक जुन्या घरात एखादी ९४ सापडते.

रिसीव्हरच्या बाजूला दोन भोके आहेत, त्यांत बुजवणीचे स्क्रू होते. जुनाट यांनी निश्चिंत व्हावे. छिद्र-साइट मागवली आहे.

आता एक नवा प्रश्न. ओतीव शिशाच्या गोळ्यांबद्दल काय मत आहे? जुने शिकारी त्याच वापरत असत असे ऐकतो.

मोंटानाकर

ओतीव गोळी या रायफलीला मानवते. सपाट नाक, मागे तांब्याची छोटी टोपी, आणि नळीच्या खाचांपेक्षा एक-दोन सहस्रांश इंच जाड. यासाठी आधी नळीचा खरा व्यास मोजावा लागतो : मऊ शिशाचा तुकडा तेल लावलेल्या नळीतून हळूहळू ठोकत पार करायचा आणि मायक्रोमीटरने मोजायचा. जुन्या नळ्या छापील मापाशी इमान राखतीलच असे नाही. गोळी बारीक असली तर तापलेला वायू बाजूने निसटतो, शिसे वितळून खाचांत बसते आणि काही गोळ्यांनंतर नेम विस्कटतो.

वेग सौम्य, १६०० ते १८०० च्या आसपास ठेवला तर पुंगळ्या दीर्घकाळ टिकतात आणि खांदाही दुखत नाही. मिश्रधातू फार कठीण करू नये. कठीण गोळी हरणातून पेन्सिलीएवढे भोक पाडून निघून जाते.

अनुजा_मिनेसोटा

शिशाबद्दल मला गांभीर्याने लिहायचे आहे. २००८ मध्ये नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटात गरजूंना वाटण्यासाठी शिकाऱ्यांनी दिलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण आढळले आणि ते मांस वाटपातून काढून घ्यावे लागले. वेगवान, पातळ आवरणाची गोळी हाडावर फुटली की बारीक कण जखमेपासून बरेच दूर जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. उरलेली आतडी गरुड खातात आणि त्यांनाही विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर संपूर्ण बंदी घातली.

सौम्य वेगाची ओतीव गोळी कमी फुटते हे मला मान्य आहे, परंतु 'कमी' म्हणजे 'नाही' असे नव्हे. माझ्या घरात लहान मुले आहेत, म्हणून मी .३०-३० मध्ये संपूर्ण तांब्याची सपाट टोकाची गोळी वापरते. शिशाची वापरणार असाल तर जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकावे, आणि ते उरलेले कुत्र्यालाही घालू नये. गोळ्या ओतताना हवा खेळती असावी, त्या टेबलावर चहाचा कपही ठेवू नये, आणि हात गार पाण्याने व साबणाने धुवावेत.

सॅव्हेजप्रेमी

अनुजाताईंच्या गरुडांच्या मुद्द्यावर वाद नाही. परंतु तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याची गोळी त्याच वजनात लांब होते, आणि .३२ च्या सावकाश पिळात लांब गोळी स्थिर राहील का, हा प्रश्न उरतो. शिवाय .३२१ व्यासात निवड फारच कमी आहे. .३०-३० घेतली असती तर निवडीला वाव होता, हे दंडोबांना आता कोणी तरी सांगायला हवे होते.

खोडसाळ

लग्न झाल्यावर पत्रिका जुळवणारे गुरुजी धाग्यावर आले आहेत. सर्वांनी बसून घ्यावे.

कोल्हापुरी_रस्सा

मी वाद घालायला आलो होतो आणि पुंगळीच्या मानेबद्दल वाचत बसलो आहे. अनुजाताई, उत्तर पटले. हरणाच्या मांसाला चरबी नसते असे ऐकतो; मग रस्सा कसा करता?

अनुजा_मिनेसोटा

थोडक्यात सांगते, कारण धागा रायफलीचा आहे. मांडीचे मांस दही-आले-लसूण लावून रात्रभर ठेवते, तेल नेहमीपेक्षा अधिक घेते आणि कांदा-खोबऱ्याचे वाटण भरपूर घालते. पाठीचा मऊ भाग रश्श्यात घालायचा नाही. तो तव्यावर दोन मिनिटांत होतो आणि जास्त शिजवला की चामडे होते.

दंडोबा

मोसमाला अवकाश आहे, म्हणून आतापर्यंत जे केले ते नोंदवतो. छिद्र-साइट बसली. १७० ग्रेनची आवरण असलेली सपाट नाकाची गोळी घेतली, पुस्तकातील किमान आकड्यापासून सुरुवात केली, आणि कमालच्या बऱ्याच आधी एका ठिकाणी तीन गोळ्यांचा गट १०० यार्डांवर अडीच इंचांच्या आत आला. त्यापुढे वाढवल्यावर गट उभा पसरला. वेग मोजला तर छापील वेगापेक्षा बराच कमी आहे, आणि मला त्याचे काहीही वाटले नाही. सॅव्हेजप्रेमी यांनी क्षमा करावी.

नळी तापली की गट वर सरकतो हेही दिसले. नळीला मॅगझिनची नळी आणि दोन पट्ट्या बांधलेल्या असल्यामुळे तसे होत असावे. म्हणून आता एक गोळी, मग पूर्ण गार होईपर्यंत प्रतीक्षा, अशा रीतीने सराव करतो आहे. अनुजाताईंची ताटली मी काठीला टेकून ८० यार्डांपर्यंत खात्रीने गाठतो. त्यापुढे हरीण दिसले तर पाहत राहीन.

मोंटानाकर

योग्य ठिकाणी थांबलात. एक सुरक्षिततेची बाब अजून कोणी लिहिलेली नाही. तुमच्या ९४ ला वेगळी सेफ्टी नाही, केवळ घोड्याचा (मागच्या हातोडीचा) अर्धा टप्पा आहे. चेंबरमध्ये काडतूस असताना घोडा हळूच खाली सोडताना जाड हातमोज्यातून अंगठा निसटू शकतो. नळी सुरक्षित दिशेला, हातमोजा काढलेला, आणि शक्यतो चेंबर रिकामे ठेवूनच चाला. लीव्हर ओढायला एक क्षण लागतो. मॅगझिन रिकामे करतानाही प्रत्येक काडतूस लीव्हरने चेंबरच्या तोंडाशी यावे लागते, तेव्हा बोट चापापासून दूर ठेवा आणि हे काम गाडीच्या टपावर रायफल टेकवून करू नका.

दंडोबा

हातमोज्याची सूचना वहीत लिहून ठेवली. शेवटचा प्रश्न : .३२ स्पेशलच्या नव्या पुंगळ्या कोठेच मिळत नाहीत. .३०-३० च्या पुंगळ्यांची मान रुंद करून चालते असे वाचले आहे. ते खरे का?

मोंटानाकर

खरे आहे. दोन्ही काडतुसे एकाच घराण्यातील आहेत. मानेला आतून थोडे वंगण लावून .३२ च्या डायमधील निमुळत्या दांड्यावरून एकदा काढली की मान रुंद होते. पुंगळी किंचित आखूड होते, म्हणून त्यानंतरच लांबी मोजून छाटा.

जुनाट

मात्र तळावरचा शिक्का .३०-३० चाच राहतो. तुमच्या घरी किंवा कॅम्पवर दुसरी कोणाची .३०-३० असेल तर दोन्हींच्या पेट्या मिसळू देऊ नका. मी रुंद केलेल्या पुंगळ्यांच्या तळावर न पुसणाऱ्या शाईने रेघ ओढतो आणि पेटीवर रायफलीचे नाव, गोळीचे वजन, पावडर आणि तारीख लिहितो.